मनगटावरचा नमुना

बळीरामजींच्या डाव्या मनगटावर कायम एखादा दोरा बांधलेला असायचा. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो जांभळा होता. नव्या शेजाऱ्याशी काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कोणत्या देवाचा हो हा?"

"देवाचा नाही जी मास्तर," ते म्हणाले. "रंगाऱ्याचा."

बाकीचं त्यांनी पुढे ओळख वाढल्यावर मला बसवून समजावलं. रंगाऱ्यानं नवा रंग आणला की त्या रंगातला एक दोरा ते मनगटाला बांधत आणि आठ दिवस ठेवत. आंघोळीत, उन्हात, मागावरच्या घामात. आठ दिवसांनी दोरा सोडायचा आणि ओल्या बोटानं खालची कातडी चोळायची. बोटाला रंग लागला की रंगारी आला तसा परत. याला ते 'नमुना पाहणं' म्हणत. नागपूरच्या इतवारीमागच्या आमच्या गल्लीत वीस-पंचवीस घरं विणकरांची, पण हा सोपस्कार करणारे ते एकटे. बाकीचे त्यांची थट्टा करायचे आणि लग्नाचं लुगडं मागावर घ्यायचं असलं की गुपचूप त्यांच्याकडे येऊन विचारायचे, बळीरामजी, कोणता रंग घेऊ?

मी सरकारी शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या भिंतीला भिंत लागून एका खोलीत राहत होतो. ही दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. बळीरामजी तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. बुटके, पोट सुटलेलं, आयुष्यभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्यानं गुडघे कामातून गेलेले. चालताना आधी एका पायाची समजूत घालायचे, मग दुसऱ्याची. पण रेशमी काठ विणायला बसले की त्या ओबडधोबड बोटांत काय यायचं कोण जाणे. मी तासनतास दारात उभा राहून बघत असे.

नमुना फक्त रंगाचा नव्हता, सगळ्याचा होता. नवी चप्पल आठ दिवस घरातल्या घरात चालायची. गल्लीत म्युनिसिपालटीचा नळ आला तेव्हा आठवडाभर ते पाणी एकटे बळीरामजी प्यायले, मग घरच्यांना पिऊ दिलं. माझंही तेच झालं. राहायला आल्यापासून महिनाभर ते मला नुसता रामराम करत. एक दिवस स्वतः चहाचा पेला घेऊन आले आणि म्हणाले, "आता या घरी बसाले." मी म्हटलं, "इतके दिवस का नाही बोलावलंत?" तर शांतपणे म्हणाले, "पाहून राहिलो होतो."

या साऱ्याचं मूळ त्यांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, मला सांगितलं. त्यांच्यासमोरच सांगितलं, आणि ते खाली मान घालून ऐकत होते.

"लग्नाच्या दुसऱ्या साली पुडीतला हिरवा रंग आनला होता यायनं. नमुना पाह्यला सुतावर. सूत पक्कं निंगालं. मंग रंगवलं सारं रेशीम! पाच लुगड्याचे काठ इनले. अन् लग्नात नवरीच्या अंगावर पानी पडलं त पोरीचा खांदा, पाठ, सारं हिरवंगार. तिची सासू म्हने, नवरी आनली का पोपट आनला?"

मी हसलो. बळीरामजी हसले नाहीत. "सुताचा रंग रेशमाले चालते असं नसते मास्तर," ते म्हणाले. "रेशमाचा नमुना रेशमावरच पाहाव लागते. तेव्हा म्या शिकलो." दोन दिवस ते जेवले नव्हते म्हणे.

त्यांना एकच मुलगी, गोदा. अठराची असेल. आईसारखी तोंडाळ आणि बापासारखी बारीक नजरेची. बाण्याच्या सुताच्या कांड्या भरता भरता बापाच्या विणीतल्या चुका काढायची. त्या पावसाळ्यात ती खोकायला लागली. आधी आल्याचा रस झाला, मग अडुळसा झाला. दसऱ्यापर्यंत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या आणि रोज दिवेलागणीला अंग तापायला लागलं. धंतोलीत एक नवे डॉक्टर आले होते, त्यांच्याकडे तिला नेलं. इंग्रजी समजायला म्हणून मीही बरोबर गेलो. इंग्रजीची गरज पडली नाही. डॉक्टर मराठीतच म्हणाले, "फुफ्फुसाला लागलंय. अंथरुणातून उठवू नका. दूध, अंडी, लोणी, जे पोटात जाईल ते घाला. खिडकी उघडी ठेवा. बाकी माझ्याकडे काही नाही."

क्षय हा शब्द त्यांनी काढला नाही. आमच्या गल्लीतही कोणी काढत नसे. ज्या घरात तो शिरला त्या घरचं पाणी लोक पीत नसत. परतताना टांग्यात गोदा मध्ये बसली होती आणि तिला सदरच्या बंगल्यांची फुलझाडं दाखवायला म्हणून बळीरामजींनी टांगेवाल्याला उगाच लांबून घ्यायला लावलं होतं. बळीरामजी टांग्याची दांडी धरून बसले होते. गल्ली आली, टांगा थांबला, तरी त्यांनी ती सोडली नाही. त्या दिवसापासून तो माणूस भ्याला, आणि त्याला बघून मीही भ्यालो.

नेमक्या त्याच थंडीत नागपुरात 'चाळीस दिवसांत कायापालट' आला. कुठल्याशा प्रांतातून एक प्रोफेसर आले होते. जुम्मा तलावाजवळच्या मैदानावर त्यांनी छातीवर दगड फोडून घेतला, लोखंडी कांब गळ्यावर वाकवली आणि शेवटी आपला कार्यक्रम सांगितला. धान्य बंद, मीठ बंद, तेल बंद. मोडाची मटकी, कच्चा भाजीपाला, ताक, संत्री. दर सातव्या दिवशी नुसतं पाणी. पहाटे थंड पाण्याच्या टपात बसायचं, मग सूर्यनमस्कार. पंचवीसपासून वाढवत तीनशेपर्यंत. सारं शहर खुळावलं. आमचे हेडमास्तर वर्गात कच्ची मेथी चघळू लागले. गल्लीतल्या एका म्हाताऱ्याचा दमा खरोखर हलका झाला, त्यामुळे तर गल्लीत दुसरा विषयच उरला नाही. प्रोफेसर पुढच्या गावाला गेले, पण इथला वर्ग चालवायला एक वकील शिष्य ठेवून गेले.

सगुणाबाईंनी त्या कार्यक्रमाचं पुस्तक मिळवलं आणि मला वाचायला बोलावलं. मी वाचत गेलो. कोणकोणते रोग बरे होतात याची यादी आली. दमा, मूळव्याध, मधुमेह, सांधेदुखी, क्षय.

"थो शेवटचा पुन्हा वाचा," बळीरामजी म्हणाले.

मी वाचला.

"छापलेलं आहे?"

"छापलेलं आहे."

"मंग खोटं कसं असन?" सगुणाबाई दारातून म्हणाल्या. "डाक्टर म्हनते झोपून राहा अन् खा. झोपून राहनं हे का औशध झालं? उठली नाही, हालली नाही, त पोट्टी सुधरन कशी?"

बळीरामजी माझ्याकडे बघू लागले. "मास्तर, तुमी शिकलेले आहा. तुमी सांगा. तिले लावू का हे?"

आतल्या खोलीतून गोदाचा खोकला ऐकू येत होता. हाडाची मोळी झालेल्या पोरीनं तीनशे नमस्कार कसे घालायचे, हे मला त्या क्षणी दिसत होतं. पण नाही म्हणावं आणि उद्या तिचं काही झालं तर? हो म्हणावं आणि काही झालं तर? मी स्वभावानं भित्रा. म्हणालो, "करून पाहायला हरकत नाही." हे वाक्य आजही आठवलं की मला माझी लाज वाटते.

तीन दिवस त्यांचा माग बंद होता. चौथ्या दिवशी पहाटे अंगणात पाणी ओतल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर डोकावलो. ऐन थंडीत बळीरामजी लोखंडी टपात कंबरेपर्यंत पाण्यात बसले होते. दात वाजत होते. डाव्या मनगटावर कोरं, पांढरं सूत बांधलेलं.

"तिले लावाच्या आंधी म्या नमुना पाहातो," ते म्हणाले. "चाळीस दिवस. मले सोसलं त तिले लावू."

नमस्कारांसाठी गल्ली जमायची. पहिल्या दिवशी सहाव्या नमस्काराला ते आडवे झाले ते उठेचनात. दोघांनी धरून उभं केलं. मटकीचा एकेक दाणा ते असा चावायचे की बघणाऱ्याचे दात दुखावेत. शेजारी भाकरीचा खरपूस वास सुटला की उठून गल्लीच्या टोकाशी जाऊन उभे राहायचे. एकदा गोदा आतून ओरडली, "बाबा, तुमी माह्यासाठी भुके मरून राहिले अन् मले अंडं गिळाले लागते. कुठला न्याय आहे जी हा?" अंगणात बसल्या बसल्या ते हसले, आणि हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

मी रोज त्यांच्याकडे बघायचो आणि मनात एकच यायचं, हा माणूस मध्येच मोडून पडावा. म्हणजे विषय संपला असता. पण झालं भलतंच. विसाव्या दिवसापासून ते सुधारले. पोट उतरलं. गुडघे दुखायचे थांबले. चाळिसाव्या दिवशी दीडशे नमस्कार घालून ते जुम्मा तलावापर्यंत चालत गेले आणि चालत आले. गल्लीनं गुलाल उधळला. नमुना पक्का निघाला होता, आणि मी मात्र गुलाल न लावता घरात शिरलो. कारण आता पाळी गोदाची होती.

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी वकील शिष्य हार घेऊन आले. सगुणाबाईंनी टप घासून भरून ठेवला होता. गोदाला धरून अंगणात बाजेवर आणून बसवलं होतं. उन्हात तिचे कान पलीकडचं दिसावं इतके पातळ दिसत होते. ती स्वतःच म्हणत होती, "मी करतो बाबा. तुमी केलं त मी नाही करन का?"

"तुलेबी खुनेचा दोरा बांधतो थांब," बळीरामजी म्हणाले. घरात गेले. सूत नेमकं हाताशी नव्हतं, तेव्हा मागावरच्या काठाचा लाल रेशमी दोरा तोडून घेऊन आले. तिच्यापुढे उकिडवे बसले. आता गुडघे कुरकुरत नव्हते. तिच्या मनगटाला दोरा गुंडाळून त्यांनी गाठ मारायला घेतली. त्यांचं मनगट आणि तिचं मनगट शेजारी शेजारी होतं. त्यांच्यावर पांढरं सूत आणि तिच्यावर लाल रेशीम.

गाठ मारली गेली, पण हात तिथंच राहिला. मला वाटलं त्यांना घेरी आली. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं.

"म्या सुतावर पाह्यलं," ते म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही. सगुणाबाईंना कळलं. त्यांनी कमरेवरचा हात खाली घेतला.

"मी धडधाकट मानूस. माहं पोट सुटलं होतं, थे उतरलं. हे सूत झालं. हिचं अंग रेशमाचं आहे वं. म्या पुन्हा थेच केलं."

वकीलसाहेब चांगले बोलणारे होते. त्यांनी म्हाताऱ्याच्या दम्याचा दाखला दिला, पुस्तकाचा दिला, खुद्द बळीरामजींचाच दिला. म्हणाले, "तुम्ही सगळ्या गल्लीसमोर शब्द दिला होता. शिवाय करून पाहिल्याशिवाय तुम्हाला कळणार कसं?"

"नाही कळनार जी," बळीरामजी म्हणाले. "रेशमाचा नमुना रेशमावरच पाहाव लागते. अन् मले एकच पोट्टी आहे."

ते उठले आणि टप आडवा केला. सगळं पाणी अंगणभर झालं. वकीलसाहेब बूट वाचवत मागे सरले आणि हार तसाच घेऊन निघून गेले.

सगुणाबाई ओरडल्या नाहीत, ते जास्त भयंकर होतं. हळू आवाजात म्हणाल्या, "पोट्टीले काही झालं, त तुमच्यामुळं होईन." त्यानंतर कित्येक महिने त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पण दुधाचा पेला आणि अंडं वेळच्या वेळी गोदाच्या हातात जात होतं.

हे लिहिताना वाटतं की बळीरामजी ठाम होते. ते तसे नव्हते. ते पानासारखे कापत होते. गोदाच्या मनगटावरचा लाल दोरा त्यांनी सोडला नाही, कारण तो सैल झाला की घट्ट, यावरून ती खंगते की भरते ते कळणार होतं. पण तो बघायची त्यांची छाती होईना. दर रविवारी मला बोलवायचे. "मास्तर, तुमी पाहा. माह्यानं नाही पाहवत." ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि मी दोऱ्याखाली बोट घालून बघायचो. खरं सांगायचं तर मलाही भीती होती, आणि ती गोदासाठी नव्हती, स्वतःसाठी होती. मी श्वास रोखून धरत असे आणि घरी आल्यावर दोनदा साबणानं हात धूत असे. गोदाला ते ठाऊक होतं. एकदा म्हणाली, "मास्तर, दम सोडा जी. नाहीतर माह्या आंधी तुमीच जासान."

पहिल्या रविवारी दोऱ्याखाली एक बोट गेलं. महिन्याभरात दोन गेली. उन्हाळा लागला तेव्हा दोरा मनगटावर राहीना, वर कोपराकडे सरकायचा. भिंतीकडे तोंड करून बळीरामजी विचारायचे, "किती?" आणि मी सांगायचो, "दोन." तीन झाली तेव्हाही मी दोनच सांगितली.

ते फसले नसावेत. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. भर उन्हात, डोक्याला काही नाही. "मास्तर, म्या चुकलो का? अजून टाइम आहे. वकीलसाहेब आजबी हो म्हनतीन."

मागच्या वेळेला मी काय बोललो होतो ते मला आठवत होतं. म्हणालो, "बळीरामजी, मला माहीत नाही. आणि काल तीन बोटं होती."

ते बराच वेळ फाटकाची कडी हलवत राहिले. मग म्हणाले, "हे खरं बोलले तुमी. मलेबी माहीत नाही." आणि आल्या वाटेनं परत गेले. त्यांनी वकिलाकडे जाण्याचा रस्ता धरला नाही ना, हे मी वळणापर्यंत बघत होतो.

पावसाळा गेला. दोरा तीन बोटांवर तसाच थांबला. एका रविवारी दोनच बोटं गेली आणि मला वाटलं आपलीच चूक झाली. पुढच्या रविवारी पुन्हा दोन. मी काही बोललो नाही, भीती वाटली की बोललो तर पुन्हा सैल होईल. गोदाच बोलली, "बाबा, दोन. यावेळी खरेखुरे दोन आहे, मास्तरचे नाही." दिवाळीला जेमतेम एक बोट जाऊ लागलं. दिवेलागणीचा ताप जायला पुढची संक्रांत उजाडली.

मार्चमध्ये माझी चांद्याला बदली झाली. निघण्याआधीच्या रविवारी मी सवयीनं गेलो. गोदा बाजेवर उठून बसली होती, मांडीवर कांड्या होत्या. मी दोऱ्याखाली बोट घालायला गेलो तर नखसुद्धा शिरेना. रेशीम कातडीत रुतलं होतं.

"किती?" बळीरामजींनी भिंतीकडे तोंड करून विचारलं.

"कापावा लागेल," मी म्हणालो.

ते वळले. कात्री घेऊन आले, पण दोनदा टोक दोऱ्याच्या बाजूला गेलं, तेव्हा गोदानं ती ओढून घेतली. "राहू द्या बाबा, मले लागन." तिनं स्वतःच दोरा कापला. सगुणाबाई चुलीशी होत्या. वर्षभरानं पहिल्यांदा नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, पाहून त घ्या."

बळीरामजींनी बोट तोंडात घालून ओलं केलं आणि दोऱ्याखालची कातडी चोळली. तिथं पांढरा वळ होता. त्यांनी बोट उन्हात धरून बघितलं, उलटसुलट करून बघितलं. बोटाला रंग लागला नव्हता. मग त्यांनी दुसरा लाल दोरा तोडला आणि तिच्या मनगटाला बांधू लागले. गाठ मारताना आपली दोन बोटं आत घालून ठेवली.

"इतका ढिल्ला काहून बांधून राहिले?" गोदा म्हणाली.

"भराले जागा नको का?" ते म्हणाले.

मी टांग्यात बसलो तेव्हा ते दारात उभे होते. त्यांच्या मनगटावरचं पांढरं सूत मळून काळं झालं होतं, त्यांनी ते सोडलं नव्हतं. टांगा वळेपर्यंत ते माझ्याकडे नाही, आत बाजेकडे बघत होते.

चांद्याहून मी पत्र टाकलं नाही. पुढे नागपूरला अनेकदा गेलो, एकदा तर इतवारीपर्यंत जाऊन मागांचा आवाज ऐकून परत फिरलो. ती दोन बोटांची जागा भरली की नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही. बळीरामजी माझ्यापेक्षा जास्त भ्यालेले होते, पण भरायला जागा ठेवून त्यांनी गाठ मारली होती.